मुदितेची डबल बेल

घर भाड्यानं घेताना मी खोली, नळ, संडास, विजेचं मीटर सगळं नीट पाहून घेतलं होतं. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत छताखालून एक दोरी गेलेली आहे, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोरीवर ओला टॉवेल टाकला आणि घरभर टण-टण असं वाजलं. पाठोपाठ घरमालक डोक्यावर टोपी चढवत धावतच आले. चप्पल एकाच पायात होती.

"कोनाच्या घरी?" त्यांनी विचारलं.

"काय कोणाच्या घरी?"

"डबल झाली ना जी. बरं काय झालं, कोनाचं झालं?"

मी टॉवेल दाखवला. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बेल वाजली म्हणजे कुठंतरी कोणाचं तरी चांगलं झालेलंच असणार, मी फक्त आठवून पाहावं, असा त्यांचा आग्रह. आता मला आठवण्यासारखं एकच होतं. आदल्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं होतं की धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी थोरली, आणि माझं काही ठरण्याची चिन्हं नव्हती, तेव्हा ही बातमी मी जगात कोणालाही सांगणार नव्हते. पण टोपी घालून, एका पायात चप्पल घेऊन, आशेनं बघत उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. मी सांगून टाकलं. ते टाळ्या वाजवत आत गेले, काकूंना सांगितलं, गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला आणि "साताऱ्याकडच्या पोरीचं जमलं" असं सांगत गल्लीभर फिरले. दुपारपर्यंत पाच बायका मला भेटून गेल्या. त्यातल्या तिघी माझंच जमलं असं समजून आल्या होत्या, आणि त्यांना खरं सांगताना मला जे वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात मी साताऱ्याहून ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला गेले होते. घरमालकांना सगळं गाव काकाजी म्हणे, मीही म्हणू लागले. उभं आयुष्य त्यांनी लाल गाडीत कंडक्टरकी केली. निवृत्तीनंतर भंगारात निघालेल्या गाडीची घंटा दोरीसकट विकत आणली आणि ओसरीत ठोकली. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला, हा गाडीतला कायदा त्यांनी घरात जसाच्या तसा चालू ठेवला होता. दोनदा म्हणजे कोणाचं तरी बरं झालं, चला भेटून येऊ. एकदा म्हणजे पुरे झालं, बोलणं थांबवा. हा एका टणचा मार बहुतेक ओसरीवर येऊन दुसऱ्यांची उणीदुणी काढणाऱ्यांना बसे. कोणी "त्या अमक्यानं घर बांधलं खरं, पण पैसा आला कुठून" असं सुरू केलं की डोक्यावर टण व्हायचं आणि तो माणूस दचकून गप्प बसायचा. काही जणांनी यायचंच बंद केलं. काकूंच्या मते घंटेचा खरा उपयोग तोच होता.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द होता. काकाजी बुद्धविहारात नेमानं जात. पाली आपल्याला येत नाही हे ते मोकळेपणानं सांगत, पण चार शब्द मात्र त्यांनी घट्ट धरले होते: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा, म्हणजे समभाव. भगवंतांनी सांगितलेल्या मनाच्या चार चांगल्या अवस्था. या चारातले तीन त्यांनी इतरांसाठी सोडले आणि स्वतः मुदितेच्या मागे लागले. मुदिता म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून होणारा आनंद, एवढं मलाही माहीत होतं. हाच शब्द का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी तोंडातली सुपारी आधी बाहेर टाकली.

"करुना आपल्या गावाले येते मॅडम," ते म्हणाले. "कोनाचा बैल मेला तर अख्खं गाव जाते. तोच मानूस ट्रॅक्टर घेते तवा कोन जाते, सांगा बरं?"

ते जात. आमंत्रणाची वाट पाहत बसत नसत. कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा मोतीबिंदू निघाला, की हे टोपी घालून दारात हजर. एकानं आर्वीच्या बाजारात सोयाबीन चांगल्या भावानं विकलं, तर तो भाव कसा दिसतो हे पाहायला हे बस बदलून आर्वीला जाऊन आले. गिरडच्या टेकडीवर एका शेजाऱ्याला नवस फेडायचा होता. नवस त्याचा, मूल त्याचं, पण सगळ्यात आधी धापा टाकत टेकडी चढले काकाजी, आणि वर दर्ग्याशी पोचल्यावर ओळख ना पाळख अशा माणसांना "यायले पोरगं झालं" म्हणून सांगत सुटले. मुलाचा बाप मागून येईपर्यंत निम्म्या लोकांनी यांचंच अभिनंदन करून टाकलं होतं.

आणि मी मराठीची, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं शब्दांची दुकानदारीण. मुदितेला आपला रोजच्या बोलण्यातला शब्द काय, हा प्रश्न त्यांनी मला पहिल्याच महिन्यात घातला आणि पुढे चार वर्षं घालत राहिले. मी आधी अगदी निष्काळजीपणानं आनंद असं म्हणून टाकलं. तो तर आंबा खाल्ल्यावरही होतो, असं म्हणून त्यांनी तो परत केला. मी समाधान दिलं. ते जेवण झाल्यावरचं, त्यात माणूस बसतो, मुदितेत उठतो. अभिनंदन हा तर फ्लेक्सवरचा शब्द, पुढाऱ्याच्या फोटोखालचा. कौतुकावर मला बरीच भिस्त होती, पण दोन दिवस विचार करून त्यांनी तेही नापास केलं. कौतुक वरच्या पायरीवर उभं राहून करावं लागतं, म्हणाले, मी कधी कलेक्टरसाहेबाचं कौतुक करतो का. शेवटी अभिमान. त्यावर ते इतके हसले की काकू बाहेर आल्या.

"शेजाऱ्याच्या पोरीचा मले अभिमान वाटला," ते म्हणाले, "तर तिचा बाप इचारन ना, तुले काऊन वाटून राह्यला म्हनून."

वर्गात साठ पोरांना समानार्थी शब्द पाठ करायला लावणारी मी, घरी येऊन रोज तोंडी परीक्षेत नापास व्हायची. चिडून एकदा मी उलट्या बाजूनं गेले. दुसऱ्याचं चांगलं पाहून वाईट वाटणं, याला शब्द सांगा म्हटलं. मग काय, हेवा, मत्सर, असूया, आकस, जळणं, खार खाणं, पोटात दुखणं, डोळ्यात खुपणं. काकाजी वहीत लिहून घेत होते आणि काकू भाजी निवडता निवडता भर घालत होत्या. वहीची दोन पानं भरली. समोरचं मुदितेचं पान कोरंच राहिलं. काकाजी त्या कोऱ्या पानाकडे बघत बसले. मलाही जरा शरमल्यासारखं झालं, कारण त्या दोन पानांतला एकही शब्द मला कोणाकडून शिकावा लागला नव्हता.

काकूंना हा शोधच पटत नव्हता. कोनाचं बरं झालं तर गोड करा आन् नेऊन द्या, त्याले नाव कायले पायजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि गोड करायच्या त्याच, त्यामुळे त्यांना बोलण्याचा हक्कही होता.

पावसाळ्यात तीन महिने वर्षावास असे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं आणि दर रविवारी वर्ध्याहून एक म्हातारे भिक्खू यायचे, त्यांना सगळे भन्तेजी म्हणत. ते फार कमी बोलत. एका रविवारी काकाजींनी त्यांना आपल्या घंटेची आणि टोपीची सगळी हकीगत रंगवून सांगितली. भन्तेजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मुदितेचे दोन वैरी आहेत. लांबचा वैरी मत्सर, तो ओळखू येतो. जवळचा वैरी म्हणजे उड्या मारणारा हर्ष, तो घरातच राहतो आणि ओळखू येत नाही.

काकाजी खचले. त्या दिवसापासून त्यांनी उड्या बंद केल्या. एका घरी मुलगी जन्मली होती, तिथं ते पूर्वीसारखेच गेले, पण हसू आवरून, हात जोडून, इतक्या शांत चेहऱ्यानं जाऊन बसले की बाळाची आजी हातातलं काम टाकून पुढं आली. दवाखान्यातून काही फोन आला का, असं तिनं विचारलं. काकाजींनी नुसतीच मान हलवली आणि ती रडायलाच लागली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे तिला पटवायला अख्खं घर लागलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी बजावलं की जवळचा वैरी परवडला, हे सोंग नको. काकाजी पुन्हा टाळ्या वाजवायला लागले आणि गल्लीचा जीव भांड्यात पडला.

आता काकाजींच्या गाडीच्या ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, मधली भिंत एकच. एकोणीस वर्षं काकाजी आणि ते एकाच गाडीवर होते. जागा शेजारी घेतल्या, घरं एकदम बांधली, मधे भिंत एकच पुरे असं ठरवून पैसे वाचवले. आणि मी तिथं राहायला गेले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण सगळ्या गावाला पाठ होतं. वर्ध्याला जाताना पवनारच्या थांब्यावर एका म्हातारीचं गाठोडं उतरवून द्यायला काकाजी खाली उतरले, आत कोण्या हौशी प्रवाशानं दोरी दोनदा ओढली, आणि ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी हाणली. धाम नदीच्या पुलाजवळ काकाजी तिकिटांची पेटी काखेत घेऊन उभे, आणि गाडी कंडक्टरविना वर्ध्यात. वरून विचारणा झाली, ती दोघांनाही झाली, ते काही मोठं नव्हतं. पण त्या दिवशी स्टँडवर सगळ्यांसमोर ड्रायव्हर हसत म्हणाले होते की आज कंडक्टर नव्हता तर गाडी कशी हलकी चालली. लोक हसले. काकाजी त्यानंतर त्या माणसाशी एक शब्दही बोलले नाहीत. उरलेली नोकरी सगळी टण आणि टण-टण वर काढली.

म्हणजे जगात ज्याचं चांगलं झालं तरी घंटा वाजत नसे, असा एकच माणूस होता, आणि घंटा नेमकी त्याच्याच भिंतीला ठोकलेली होती. मी एकदा हे काकाजींना बोलूनही दाखवलं. दुसऱ्या भिंतीत खिळा धरत नाही, असं उत्तर मिळालं.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी भन्तेजींनी सांगितलं की वर्षावासाच्या समाप्तीला, अश्विन पौर्णिमेला, मुदितेचा अर्थ काकाजी सांगतील. काकाजींना आभाळ ठेंगणं झालं. भन्तेजींनी टिपणांसाठी वही दिली, पेन आणि चष्मा यांनी नवा घेतला. मला रोज नवा शब्द आणायची ताकीद झाली. आणि नेमके तेच तीन महिने ड्रायव्हरच्या नशिबाला नुसतं उधाण आलं.

आधी त्यांच्या बोअरला पाणी लागलं, तेही गल्लीत कोणाच्याच बोअरला धड पाणी नसताना. मग खताच्या दुकानाच्या सोडतीत त्यांना मोटरसायकल लागली. ती हार घातलेली गाडी दारात आली तेव्हा मी ओसरीवर पेपर तपासत होते. काकाजी उठले, टोपी घातली, दोरीशी गेले. भिंतीपलीकडे पोरं ओरडत होती. काकाजींनी दोरी धरली, डोळे मिटले आणि ओढली. टण. मग तसेच उभे राहिले. हात वर, दोरी मुठीत, दुसरी काही होईना. मला आधी हसू फुटलं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मी पेपरांत डोकं घातलं.

"एकच वाजली मॅडम," ते म्हणाले.

त्यानंतर ते रोज ध्यानाला बसायला लागले. भन्तेजींनी सांगितलेली रीत अशी की आधी मित्राचं सुख मनात आणायचं, मग ओळखीच्या माणसाचं, मग वैऱ्याचं. मित्र आणि ओळखीचे चटकन आटपायचे. मग आतून काकाजींचा श्वास असा ऐकू यायचा की कोणी चढावर सायकल रेटतंय. पंधरा मिनिटांनी ते बाहेर येत आणि मोटरसायकलच्या हँडलपाशी अडकलो, असं सांगत. एकदा बोअरपर्यंत पोचले होते, पण पाणी गढूळ निघावं असं मनात येऊन गेलं. ते हे मला प्रामाणिकपणे सांगत आणि मी माझी बहीण, तिचा नवरा, तिचा तीन खोल्यांचा फ्लॅट वगैरे आठवून गप्प राहत असे.

आणि मग तिसरी बातमी. ड्रायव्हरची नात पल्लवी एस.टी.त लागली. ड्रायव्हरच्या घरातली पोर, आणि लागली कंडक्टर म्हणून. त्या दिवशी काकाजी दोरीकडे गेलेच नाहीत. पौर्णिमा चार दिवसांवर आली, तोवर पल्लवी कामावर रुजूही झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी वही पिशवीत घातली आणि मला सांगितलं की उद्या वर्ध्याला जाऊन भन्तेजींना वही परत करणार, भाषण दुसऱ्या कोणाला द्या म्हणणार.

मी म्हटलं, काकाजी, अर्थ तर तुम्हाला येतो, तेवढा सांगा. बाकीचं कोण विचारतंय?

"ज्या गावाले आपली गाडी जात नाई," ते म्हणाले, "त्या गावाचं तिकीट मी कसं फाडू?"

खरं सांगायचं तर मला रडू आलं. भाषण ठोकायला कोणाला काय लागतं? रोज कितीजण न गेलेल्या गावांची तिकिटं फाडत असतात, मी स्वतः त्यात आहे. हा एक म्हातारा मात्र आपल्या आवडत्या शब्दावर बोलायला उभा राहत नव्हता, कारण एका माणसापाशी तो शब्द त्याला जमत नव्हता.

पण पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात काकाजी बोलायला उभे राहिले. खिरीची पातेली मागं झाकून ठेवली होती, भन्तेजी समोर बसले होते. सगळ्यांना जयभीम करून काकाजींनी वही उघडली आणि मिटली. अर्थ त्यांनी सांगितलाच नाही. वही परत करायला निघाले त्या दिवशी काय घडलं, ते सांगितलं.

ते वर्ध्याच्या गाडीत बसले तर दोरीशी पल्लवी. नवा खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाचं मशीन, आठवडाही झाला नव्हता तिला. दिसली तसं आपण खिडकीबाहेर तोंड केलं, म्हणाले. पण कंडक्टरचे कान बंद होत नाहीत. कॉलेजची पोरं मागं गोंधळ घालत होती, ती तिनं आवाज न चढवता पुढं सरकवली. एक माणूस सुटे नाहीत म्हणून भांडायला उठला, त्याला तिनं आधी बसवला आणि मग बोलली. काकाजींचं तोंड हळूहळू खिडकीतून आत आलं. गाडी पवनारला थांबली. एक म्हातारी मोठं गाठोडं घेऊन उतरत होती. पल्लवी मागच्या बाजूला तिकिटं देत होती. काकाजी सवयीनं उठले, म्हातारीला हात दिला, गाठोडं घेऊन खाली उतरले. वर पल्लवीनं दाराकडे पाहिलं, पायरी मोकळी दिसली, आणि दोरी ओढली.

"अशी बेल," काकाजी म्हणाले आणि त्यांनी हवेतली दोरी दोनदा ओढून दाखवली. "नवीन मानूस पयली मारते, इचार करते, मंग दुसरी मारते. या पोरीच्या पयली-दुसरीत श्वास घ्याले जागा नाई. मले दहा वर्सं लागली तशी माराले."

गाडी गेली. काकाजींची पिशवी, वही, चष्मा, फोन सगळं घेऊन गेली; ते पल्लवीनं रात्री घरी आणून दिलं. आणि हे पुलाजवळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारीला सांगितलं, काय बेल मारली. ती निघून गेली तेव्हा चहाच्या टपरीवाल्याला जाऊन सांगितलं. उड्या मारल्या. टपरीवाल्यानं गाडी सुटलेला माणूस इतका खूश पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यानं विचारलं, कोणाची पोरगी?

"तवा मले आठवलं," काकाजी म्हणाले. "तवापर्यंत आठवलंच नाई का थे कोनाची हाय म्हनून. मॅडमनं मले लय शबुद देले. साऱ्याइत एक कोनाचं-कोनाचं असते. माह्यं, तुह्यं, लहान्याचं, मोठ्याचं. या एका मुदितेत नसते. एवढंच मले समजलं, याच्याहून जास्त इचारू नोका."

पुढचं सांगताना त्यांना हसू आवरेना. टपरीवाल्यानं आपला फोन दिला. पण नंबर पाठ कुठले असणार? घरचा नाही, माझा नाही. एकच पाठ होता. पहाटेच्या गाडीसाठी स्टँडवरून फोन करून ज्याला रोज उठवावं लागायचं, त्याचा. त्यांनी लावला. अकरा वर्षांनी.

"मी पवनारले हाय," काकाजी म्हणाले. "तुह्या नातीनं मले सोडलं."

पलीकडून ड्रायव्हरनं विचारलं, "गाडी कशी गेली?"

"हलकी," काकाजी म्हणाले. "मस्त गेली."

विहार असा हसला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. भन्तेजी सुद्धा हसले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, उड्या किती मारल्या? काकाजींनी खाली मान घालून दोन असं सांगितलं. मग अजून एक वर्षावास करा, भन्तेजी म्हणाले, आणि खीर वाढायला सांगितली. मी दोन वाट्या घेतल्या आणि बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. घर बघायला कधी येऊ असं विचारलं, तर तिला आधी खरंच वाटेना.

पण काकाजींनी एक गोष्ट भाषणात सांगितली नाही, कारण ती त्यांना दिसलीच नाही. ते घरात होते. ती मी पाहिली.

त्या पवनारच्या दिवशी चारच्या सुमारास मी कॉलेजातून येऊन फाटक उघडत होते. गल्लीच्या टोकाला ती सोडतीची मोटरसायकल दिसली. पुढे ड्रायव्हर, मागे काकाजी. वळणावर काकाजींनी ड्रायव्हरच्या पाठीवर एकदा थाप मारली, गाडी थांबली. समोरून म्हशी गेल्या. मग दोन थापा मारल्या, गाडी निघाली. दोघंही एकमेकांशी काही बोलत नव्हते. घराशी आल्यावर काकाजी उतरले आणि माझ्याकडे न बघता तरातरा आत गेले. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, पण उतरले नाहीत. पाय टेकून तसेच बसून राहिले. मी काहीतरी बोलावं म्हणून चहा घ्या म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते दोन घरांमधल्या भिंतीकडे पाहत होते.

"ग्यारा वर्स झाले मॅडम," ते म्हणाले. "भिंत तर एकच हाय. कोनाचं काय बरं झालं, मले सारं आयकू येते."

आतून घंटा वाजली. टण-टण. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती.

ड्रायव्हर जागच्या जागी ताठ झाले. बंद मोटरसायकलवर बसल्या बसल्या त्यांचा डावा पाय बसचा क्लच दाबावा तसा मातीत दाबला गेला आणि डावा हात गिअर शोधायला बाजूला गेला. मग तो हात हवेतच थांबला, आणि गाडी सोडण्याआधी कंडक्टर चढला का, हे बघायला त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.